जुने कॅबिनेट, नवा मदरबोर्ड : साताऱ्याच्या एका ३८६ संगणकाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण सातारा शहरातल्या एका लहान छापखान्यातील संगणकाचे आहे. १९९२ साली घेतलेला हा ३८६एसएक्स प्रोसेसरचा असेंबल्ड संगणक छापखान्यात बारा-तेरा वर्षे रोज चालला. पतसंस्था आणि साखर कारखाने यांच्या सभासदांच्या मराठी याद्या, वार्षिक अहवालांचे मजकूर आणि पत्त्यांच्या चिठ्ठ्या एवढेच त्याचे काम होते. पुढे छापखाना बंद झाला आणि यंत्र जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर गेले. मालकांना घरात आणि गावात अण्णा म्हणतात, म्हणून येथेही तेच संबोधन वापरले आहे. त्यांची मुलगी पुण्यात घरूनच अनुवाद आणि मुद्रितशोधनाचे काम करते. माझा व्यवसाय संगणकदुरुस्तीचा असल्याने तिने मला विचारले ते इतकेच, की या डब्यात आजचा कॉम्प्युटर बसेल का, आणि बाहेरून तो होता तसाच दिसेल का. कुटुंबाच्या संमतीने हे लिहीत असून ओळख पटेल अशा खुणा वगळल्या आहेत.

यंत्राचे बाह्यरूप ज्यांनी त्या काळात संगणक पाहिला आहे त्यांना सांगायला नको. आडवे, बिस्किटी रंगाचे, आता पिवळट पडलेले पत्र्याचे कॅबिनेट, आणि त्याच्या डोक्यावर मॉनिटर. दर्शनी भागावर गोल किल्लीचे कुलूप, रीसेट आणि टर्बो (वेग कमी-जास्त करणारे) ही दोन बटणे, हिरव्या अंकांची दोन आकडी पाटी, वर ५.२५ इंची आणि खाली ३.५ इंची फ्लॉपी ड्राइव्ह, आणि उजव्या कडेला खटकन आत बसणारा मोठा स्विच. पाटीवर २५ हा आकडा असे, म्हणजे २५ मेगाहर्ट्झ. हा आकडा कधीच मोजलेला नसतो, मागच्या बाजूच्या जंपरच्या टोप्या जशा लावाव्यात तसा तो उमटतो, हे अण्णांना सांगितले तेव्हा ते थोडे नाराजच झाले.

अडचणीचे स्वरूप

हे कॅबिनेट एटी पद्धतीचे आहे. आयबीएमने १९८४ मध्ये पीसी एटी आणला आणि त्याच्या मापांवरून पुढची दहा-बारा वर्षे जगभरची कॅबिनेटे बेतली गेली. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स ही नवी मांडणी पुढे आणली आणि आजचे बोर्ड तिच्याच वंशातले आहेत. दोहोंमध्ये एक गोष्ट सुदैवाने बदललेली नाही. मागच्या बाजूच्या कार्डांच्या फटींमधले अंतर तेव्हाही ०.८ इंच होते आणि आजही तेवढेच आहे, त्यामुळे आजच्या पूर्ण उंचीच्या कार्डाची पट्टी १९९२ च्या पत्र्यात नीट बसते. बाकी जवळजवळ सर्व काही आडवे येते.

एटी कॅबिनेटच्या पाठीला कीबोर्डच्या पाच पिनांच्या प्लगसाठी एक गोल भोक असते, आणि बोर्डासाठी तेवढेच. आजच्या बोर्डाला यूएसबी, एचडीएमआय, नेटवर्क, ध्वनी या सगळ्यांसाठी सुमारे १५९ बाय ४४ मिलिमीटरची आयताकृती खिडकी लागते. ती एटीमध्ये नाही. दुसरे असे, की दर्शनी स्विचपर्यंत एसएमपीएसमधून, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यातून, थेट २३० व्होल्टच्या चार तारा आलेल्या असतात. आजचा स्विच मात्र बोर्डावरच्या दोन पिना क्षणभर जोडण्यापुरताच असतो. तिसरी अडचण उष्णतेची. ३८६एसएक्सच्या चिपवर पंखा तर सोडाच, उष्णता शोषणारा ॲल्युमिनियमचा तुकडाही नसे. ती उघडीच चाले, आणि कॅबिनेटला हवेसाठी वेगळी वाट ठेवण्याची गरज कोणाला वाटली नव्हती.

या तिन्ही अडचणींना उत्तरे आहेत आणि ती मला आधीपासून ठाऊक होती. ठाऊक नव्हते ते झाकण उघडल्यावर समोर आले.

झाकणाखाली

मुलीची अपेक्षा अशी होती की आतले सगळे भंगारात द्यावे आणि डबा मोकळा करावा. झाकण काढल्यावर नेहमीची व्हिडिओ आणि ड्राइव्हची कार्डे दिसली आणि त्यांच्या शेजारी एक जिस्ट कार्ड. नव्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने पुढे नेलेले हे तंत्रज्ञान आहे. हे कार्ड साध्या डॉसच्या संगणकात बसवले की डीबेस किंवा वर्डस्टार यांसारख्या केवळ इंग्रजीसाठी बनलेल्या प्रोग्रॅममध्ये देवनागरी दिसू लागे आणि टंकताही येई. विंडोजवर मराठी रुळण्याआधी महाराष्ट्रातल्या कित्येक याद्या या मार्गाने तयार झाल्या. मी स्वतः असे कार्ड पंधरा-वीस वर्षांत पाहिले नव्हते.

मी काम थांबवले आणि साताऱ्याला फोन केला. ते कार्ड ठेवायचे आहे का, असे मी अण्णांना विचारले. त्यांचे उत्तर वेगळ्याच दिशेचे होते. “कार्डाचं तुम्ही बघा. पण त्या हार्ड डिस्कमध्ये माझ्या आईच्या ओव्या आहेत. जात्यावरच्या. ती सांगायची आणि मी रात्री बसून टाइप करायचो. त्या निघाल्या तर बघा, मग डबा तुमचाच.” मुलीला ही गोष्ट माहीत नव्हती. आजीच्या ओव्या अण्णांच्या वहीत होत्या आणि वही एका पावसाळ्यात भिजून गेली, एवढेच घरात सर्वांना ठाऊक होते.

येथे प्रकरणाचा क्रम बदलला. नवे भाग मागवण्याचे काम मागे पडले आणि ज्या यंत्राला मोडायचे होते त्यालाच आधी चालू करणे भाग पडले.

पहिला निर्णय : डिस्क कशी वाचायची

डिस्क काढून यूएसबीच्या अडॅप्टरला लावावी, हा मनात येणारा पहिला उपाय येथे चालला नाही. ती ४० एमबीची आयडीई डिस्क होती. त्या पिढीच्या डिस्क सिलिंडर, हेड आणि सेक्टर अशा तीन आकड्यांनी पत्ता समजतात, तर बाजारातले बहुतेक अडॅप्टर प्रत्येक सेक्टरला एकच क्रमांक देणाऱ्या नंतरच्या एलबीए पद्धतीवर अवलंबून असतात. माझ्याकडच्या दोन अडॅप्टरांना ती डिस्क ओळखताच आली नाही. मूळ बोर्डालाच कामाला लावणे हा मार्ग उरला.

इतकी वर्षे बंद असलेला एसएमपीएस सरळ बोर्डाला जोडणे धोक्याचे असते. म्हणून तो बाहेर काढून मोटारसायकलच्या बल्बचा भार देऊन वेगळा तपासला. ५ आणि १२ व्होल्ट ठीक मिळाले. बोर्डाची अवस्था मात्र वाईट होती. घड्याळासाठी बसवलेली ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी गळून तिच्या भोवती निळसर-हिरवी खपली धरली होती, आणि ती पसरत पसरत शेजारच्या कीबोर्डच्या जोडणीपर्यंत पोचली होती. या काळातल्या बोर्डांचा मृत्यू बहुधा याच जागी होतो. बॅटरी तोडून काढली. गळलेला पदार्थ अल्कधर्मी असतो, त्यामुळे आधी पांढऱ्या व्हिनेगरने आणि नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा जुन्या टूथब्रशने घासली. खपली निघाली तेव्हा तिच्यासोबत तांब्याचा केसाएवढा एक ट्रॅकही निघून आला. भिंगाखाली धरून मीटरने दोन टोके शोधली आणि त्यांच्यामध्ये वाइंडिंगच्या बारीक तारेचा दोन सेंटिमीटरचा जंपर मारला. कीबोर्ड चालू झाला.

बॅटरी नसल्याने बोर्डाला डिस्कचा प्रकार आठवत नव्हता आणि तो दर वेळी हाताने भरावा लागत होता. लेबलवर ९७७ सिलिंडर, ५ हेड, १७ सेक्टर असे छापलेले होते, आणि बायॉसच्या (बोर्डावरच्या मूळ प्रोग्रॅमच्या) तयार यादीत १७ क्रमांकाचा प्रकार नेमका हाच निघाला. पहिल्या दोन वेळा डिस्कची चकती फिरलीच नाही. तिसऱ्या वेळी हातात धरून मनगटाला हलका हिसका दिला तेव्हा ती कुरकुरत फिरू लागली. हा उपाय मी कोणाला सुचवणार नाही, पण त्या दिवशी दुसरा नव्हता.

पुढचा प्रश्न मजकूर बाहेर कसा आणायचा हा होता. ३.५ इंची ड्राइव्ह चालू होता. सोनीने २०११ मध्येच फ्लॉपीची विक्री थांबवली, त्यामुळे दुकानात कोऱ्या फ्लॉप्या मिळण्याचा प्रश्न नव्हता. माझ्याकडच्या दहा जुन्या फ्लॉप्यांपैकी सहांवर बुरशी होती आणि चार धड निघाल्या. डिस्कवरच असलेल्या पीकेझिपने मजकूर दाबल्यावर तो त्या चारांत मावला.

फायली उघडल्या तेव्हा अपेक्षेप्रमाणे पडद्यावर अगम्य चिन्हे आली. जिस्ट कार्ड मजकूर इस्की या भारतीय लिप्यांसाठीच्या संकेतात साठवते, आणि पुढे १९९१ मध्ये त्या संकेताचे भारतीय मानक झाले. आजच्या संगणकांच्या युनिकोड संकेतातला देवनागरीचा विभाग इस्कीच्याच आधीच्या आवृत्तीवर रचलेला असल्याने अक्षरांचा क्रम बराचसा जुळतो आणि रूपांतर फारसे कठीण नसते. खरी भीती वर्डस्टारची होती. डॉक्युमेंट मोडमध्ये तो शब्दातल्या शेवटच्या अक्षराचा आठवा बिट स्वतःच्या कामासाठी वापरतो, आणि इस्कीची सारी देवनागरी त्या आठव्या बिटावरच उभी असते. अण्णांनी सर्व मजकूर मात्र साध्या मजकुराच्या नॉन-डॉक्युमेंट मोडमध्येच टंकला होता. कोणी सांगितले होते हे त्यांना आता आठवत नाही, परंतु त्या एका सवयीमुळे ओव्या शाबूत राहिल्या. दोनशे अकरा ओव्या निघाल्या. फाइलच्या शेवटी ‘भाग १ समाप्त’ असे लिहिलेले होते. त्याकडे आम्हा कोणाचेच तेव्हा नीट लक्ष गेले नाही.

पर्यायांचा विचार

मजकूर हाती आल्यावर मूळ प्रश्न पुन्हा समोर आला, पण आता तो पूर्वीसारखा सोपा राहिला नव्हता. जो बोर्ड भंगारात जाणार होता तो आता चालू होता, आणि त्याच्यात जिस्ट कार्ड होते.

पहिला पर्याय कॅबिनेटची पाठ कापून पूर्ण आकाराचा एटीएक्स बोर्ड बसवण्याचा होता. हे काम अर्ध्या दिवसाचे आहे आणि नंतर कोणतेही भाग सहज बदलता येतात, म्हणून पुष्कळ जण असेच करतात. पण कापलेला पत्रा परत जोडता येत नाही, आणि जुना बोर्ड मग त्या कॅबिनेटमध्ये नीट बसवता येणार नव्हता. दुसरा पर्याय १७० मिलिमीटर चौरसाचा मिनी-आयटीएक्स बोर्ड वेगळ्या पत्र्यावर बसवून तो पत्रा जुन्याच भोकांत अडकवण्याचा, आणि सगळ्या जोडण्या लहान केबलींनी मागच्या फटींपर्यंत नेण्याचा होता. यात मूळ पत्र्याला काही होत नाही, पण केबलींची गर्दी वाढते आणि पुढे काही बिघडले तर हात घालणे जिकिरीचे होते.

तिसरा पर्याय ३८६ जसाच्या तसा ठेवून मॉनिटरमागे तळहाताएवढा मिनी पीसी चिकटवण्याचा. माझी पहिली पसंती याला होती. खर्च कमी, जोखीम शून्य. मुलीने तो एका वाक्यात बाजूला सारला : “मग ते शोपीस होईल. मला त्याच्यावर काम करायचंय.” चौथा पर्याय भंगारातून तसेच दुसरे एटी कॅबिनेट आणून नवे भाग त्यात बसवण्याचा होता. तांत्रिकदृष्ट्या मला तो आजही सर्वांत योग्य वाटतो. दोन्ही यंत्रे चालू राहिली असती. परंतु अण्णांच्या बोटांनी झिजलेले टर्बोचे बटण दुसऱ्या कॅबिनेटला असणार नव्हते, आणि ज्याला हे यंत्र रोज वापरायचे आहे त्याच्या दृष्टीने तोच मुद्दा मोठा असेल तर तंत्रज्ञाने हट्ट धरू नये.

दुसरा पर्याय ठरला. सोबत दोन अटी मी लेखी घातल्या. जुन्या पत्र्याला कोठेही नवे भोक पाडायचे नाही किंवा कापायचे नाही, आणि जे काही निघेल ते स्क्रूसकट पिशव्यांत घालून, चिठ्ठ्या लावून ठेवायचे. यातली पहिली अट पूर्ण पाळली गेली. दुसरी एका ठिकाणी मोडली, त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

प्रत्यक्ष काम

भाग असे निवडले : मिनी-आयटीएक्स बोर्ड, सहा गाभ्यांचा रायझेन ५ ५६००जी प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि बोर्डावरच बसणारी एक टीबीची एसएसडी. अनुवादाच्या कामाला वेगळ्या ग्राफिक्स कार्डाची गरज नसते, आणि ते टाळल्यामुळे जागा, वीज व उष्णता तिन्ही वाचली.

जुना बोर्ड पांढऱ्या नायलॉनच्या खुंट्यांवर आणि दोन पितळी खांबांवर बसलेला होता. चपलांच्या खोक्याचा पुठ्ठा तळाशी ठेवून भोकांचा नकाशा उतरवला आणि भोसरीच्या एका कारखान्यातून दोन मिलिमीटर ॲल्युमिनियमचा पत्रा लेझरने कापून आणला. पुठ्ठा उलटा दिल्याने पहिला पत्रा आरशातल्यासारखा आला. दुसरा बरोबर बसला.

मागच्या फटींच्या जुन्या झाकणपट्ट्या काढून ठेवल्या आणि नव्या कोऱ्या पट्ट्या विकत घेऊन त्यांवर यूएसबी, एचडीएमआय आणि नेटवर्कची तोंडे बसवली. वाय-फायचा प्रश्न निराळाच निघाला. चारही बाजूंनी पत्रा असल्याने आत ठेवलेल्या अँटेनाला काही मिळेना. अखेर तिची वायर कीबोर्डच्या त्या गोल भोकातून बाहेर काढली, आणि ते भोक पुन्हा उपयोगी पडले.

एसएमपीएसच्या बाबतीत माझा अंदाज चुकला. जुन्याची मापे आजच्या एटीएक्स एसएमपीएससारखीच, १५० बाय १४० बाय ८६ मिलिमीटर, त्यामुळे स्क्रूही जुळले. पण जुन्याचा पंखा पाठीला होता आणि नव्याचा मोठ्या पृष्ठभागावर. बसवल्यावर तो पंखा तळाच्या पत्र्याला जवळजवळ टेकला. नाक दाबून श्वास घ्यायला लावण्यासारखे ते झाले. शेवटी लहान आकाराचा एसएफएक्स एसएमपीएस जोडपट्टीसह बसवला तेव्हा त्याला मोकळी जागा मिळाली. जुन्या एसएमपीएसला मॉनिटरची वायर लावण्यासाठी एक सॉकेट असे, म्हणजे एका स्विचने दोन्ही बंद होत. ही सोय गेली, आणि अण्णांनी ती लगेच विचारली.

स्विचच्या बाबतीत वेळ गेला, पण मला सर्वांत समाधान त्याच कामाने दिले. मूळ स्विच एकदा दाबला की आत बसून राहतो. तो तसाच नव्या बोर्डाला जोडला तर बोर्डाला वाटते की बटण कोणी धरून ठेवले आहे, आणि सुमारे चार सेकंदांत तो यंत्र बंद करतो. अशा स्विचच्या आत बदामाच्या आकाराची एक खाच असते आणि तिच्यात टाचणीएवढी वाकवलेली तार फिरते. तीच बटणाला आत अडकवून ठेवते. चिमट्याने ती तार उचलून काढली की स्विच दाबून सोडण्याचा होतो, आणि परत घातली की पूर्ववत. २३० व्होल्टच्या तारा पूर्ण काढल्या. ती टाचणीएवढी तार एका पिशवीत ‘स्विचची तार, हरवू नये’ अशा चिठ्ठीसह ठेवली आहे.

कुलपाचा उपयोग पूर्वी कीबोर्ड बंद करण्यासाठी होता. आता ते स्विचच्या मार्गात जोडले आहे, म्हणजे किल्ली फिरवल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही. मूळ रचनेत कुलूप लावल्यावर आतली जोडणी पूर्ण होत असे, त्यामुळे आता किल्ली बंद कुलपाच्या चित्राकडे असतानाच संगणक सुरू होतो. हे उलटे आहे, आणि ते तसेच राहू दिले. टर्बोच्या बटणाने पुढचा पंखा हळू किंवा जोरात फिरतो. पाटीवर आता ३९ असावे, कारण नव्या प्रोसेसरचा मूळ वेग ३.९ गिगाहर्ट्झ आहे, असे मुलीचे म्हणणे होते. अण्णा म्हणाले, “पंचवीसच राहू दे.” पंचवीस राहिले.

उष्णता आणि अर्थिंग

पहिल्या चाचणीत झाकण उघडे असताना सर्व ठीक होते. झाकण लावून पूर्ण भार दिल्यावर दहा मिनिटांत प्रोसेसर ९१ अंशांवर गेला. त्याची मर्यादा ९५ आहे. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूस लांब कार्डांना आधार देणारी काळ्या प्लॅस्टिकची चौकट होती. ती दाबून काढता येते. तिच्या जागी ८० मिलिमीटरचा पंखा बसवला, आणि बायॉसमधून प्रोसेसरची मर्यादा ६५ ऐवजी ४५ वॅट केली. त्यानंतर तसाच भार देऊनही तापमान ७४ च्या वर गेले नाही. मजकुराच्या कामात वेगातला फरक जाणवत नाही.

दुसरी गोष्ट मी आधी तपासायला हवी होती. यंत्र दोन दिवसांसाठी साताऱ्याला नेले, तेथे जोडले आणि मुलीने झाकणाच्या कडेला हात लावताच तिला झिणझिण्या आल्या. एसएमपीएसमधले गाळणीचे कपॅसिटर थोडासा प्रवाह पत्र्यावर आणून सोडतात, आणि तो अर्थिंगच्या तारेने निघून जावा अशी योजना असते. जुन्या घराच्या एक्स्टेन्शन बोर्डाला तिसरी पिन होती, पण आत तार नव्हती. प्रवाह अगदी क्षीण असला तरी अर्थिंग नसणे केव्हाही चांगले नाही, म्हणून वायरमन बोलावून त्या खोलीत नवीन तार ओढून घेतली. दोष माझ्या जोडणीत आहे की काय, या शंकेत मी तासभर घालवला होता. तेव्हा अण्णा खुर्चीतूनच म्हणाले, “तो आधीपासूनच चावायचा. म्हणून मी स्लीपर घालून बसायचो.” ती त्यांची सवय आहे, असेच घरात सर्वांना इतकी वर्षे वाटत होते.

निष्पत्ती

संगणक गेले आठ महिने पुण्यात रोज आठ-दहा तास चालतो आहे. जुना स्पीकर नव्या बोर्डाच्या चार पिनांवर बसला, त्यामुळे सुरू होताना तोच ‘पीप’ ऐकू येतो. भाग, पत्रा, केबली आणि पंखे मिळून खर्च सुमारे ४६ हजार रुपये झाला. तेवढ्याच क्षमतेचा संगणक साध्या कॅबिनेटमध्ये यापेक्षा आठ-नऊ हजारांनी स्वस्त पडला असता. एकदा एचडीएमआयची जोडकेबल सैल झाली आणि ती घट्ट करायला सर्व काही उपसावे लागले. या पर्यायाची ती किंमत आहे आणि ती पुढेही द्यावी लागेल. ३८६ चा बोर्ड, जिस्ट कार्ड आणि हार्ड डिस्क अँटिस्टॅटिक पिशव्यांत, सिलिकाच्या पुड्यांसह ठेवले आहेत. पिवळे पडलेले प्लॅस्टिक हायड्रोजन पेरॉक्साइडने उजळता येते. अण्णांना विचारले. त्यांनी नको म्हटले.

वेगळे काय करता आले असते

अर्थिंग आधी तपासायला हवे होते आणि एसएमपीएसच्या पंख्याची दिशा कागदावर काढून पाहायला हवी होती. या चुका पैशांत आणि वेळेत भरून निघाल्या. एक मात्र निघाली नाही.

नव्या यूएसबीची दोन तोंडे दर्शनी बाजूस हवी होती, आणि ५.२५ इंची ड्राइव्हच्या तोंडाआड ती छान लपत होती. ड्राइव्ह मी तपासला तेव्हा तो फ्लॉपी वाचत नव्हता. माझ्याकडे तपासायला होती तीही एकच फ्लॉपी, आणि तीसुद्धा तीस वर्षांची. ड्राइव्ह मेला आहे असे मी ठरवले, मागचा सांगाडा कानशीने आणि कटरने कापून वेगळा केला आणि फक्त दर्शनी तोंड ठेवले. लेखी अटीत पत्र्याचा उल्लेख होता, ड्राइव्हचा नव्हता, अशी मी तेव्हा स्वतःची समजूत घातली. फ्लॉपी वाचणारे डोके (हेड) कापसाने पुसून आणि त्याच्या दांड्यांवरचे वाळलेले ग्रीस बदलून असे ड्राइव्ह पुष्कळदा चालू होतात. हे मला ठाऊक होते आणि मी ते केले नाही, कारण त्या आठवड्यात मला काम संपवायचे होते.

काम झाल्यावर तीन आठवड्यांनी अण्णांच्या लोखंडी कपाटात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सापडला. आत ५.२५ इंची अकरा फ्लॉप्या. नऊवर कारखान्यांच्या याद्या, आणि दोनवर अण्णांच्या अक्षरात ‘ओव्या, भाग २’. ‘भाग १ समाप्त’ ही ओळ वाचून कोणी एक प्रश्न विचारला असता, तर डबा आधीच बाहेर आला असता. मी तो विचारला नाही, आणि ओव्यांची फाइल पाहून भारावलेल्या घरच्यांकडून त्याची अपेक्षा करणेही योग्य नव्हते.

३.५ इंची फ्लॉपीसाठी यूएसबीचे तयार ड्राइव्ह मिळतात, ५.२५ इंचीसाठी तसे मिळत नाहीत. चालू ड्राइव्ह आणि तो आजच्या संगणकाला जोडणारा खास बोर्ड असे दोन्ही लागते. बोर्ड मी मागवून ठेवला आहे. ड्राइव्हसाठी पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी फेऱ्या चालू आहेत. आतापर्यंत दोन मिळाले. एकाचे डोके तुटलेले होते. दुसरा ३६० केबीचा निघाला, आणि त्यावर १.२ एमबीच्या फ्लॉप्या वाचता येत नाहीत. बिस्किटांचा डबा सध्या माझ्याकडे आहे, मुलीने तो कोरड्या कपाटात ठेवायला सांगितला आहे, आणि अण्णांना अजून ड्राइव्ह कापल्याचे सांगितलेले नाही.